नॅट कोलचा गळा आणि आपले कडवे दोस्त



मागच्या महिन्यात कवितावाचन संपल्यावर चहाच्या टपरीवर आपल्याच एका कार्यकर्त्याने माझ्या कानातली वायर ओढली. एक टोक स्वतःच्या कानात घातलं. अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाला, "हे काय रे? हॉटेलात जेवताना वाजवतात ते! गिरणीत राबतोस, पँथरची भाषा बोलतोस आणि ऐकतोस काय, तर गोऱ्यांना गुदगुल्या करणारा अंकल टॉम!" सगळे हसले. मीपण हसलो. मग त्याच दमात त्याने माझ्या कवितेचाही निकाल लावला. आईच्या हातांवरची कविता होती. "बरी आहे, पण विद्रोह कुठाय?"

त्या रात्री तिसरी पाळी होती, बस सुटत होती, म्हणून गप्प बसलो. आज बसणार नाही.

माझ्या कानात होता नॅट किंग कोल आणि त्याचं त्रिकूट. १९३७ साली लॉस एंजेलिसमध्ये जमलेलं. पियानोवर आणि गळ्यावर नॅट, गिटारवर ऑस्कर मूर, बासवर वेस्ली प्रिन्स आणि १९४२ पासून जॉनी मिलर. ड्रम नाही. तिघांनीच ठेका खांद्यावर घ्यायचा. पियानो दोन शब्द बोलतो, गिटार मध्येच घुसतं, पण पियानोचं वाक्य तोडत नाही. मी रिंगखात्यात साइडर आहे. आठ तास कानावर घरघर. एकमेकांचं ऐकून काम करणं म्हणजे काय, ते मला कुठल्या पंडिताने शिकवायची गरज नाही. यांचं ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं की शांत आवाजातही माणूस ताठ बसू शकतो.

ही रेकॉर्डिंग आता नव्याने निघालीत. १९९१ साली मोझेक कंपनीने या त्रिकुटाचं कॅपिटल कंपनीसाठी केलेलं काम अठरा सीडींच्या पेटीत घातलं. २०१९ साली नॅटच्या जन्माला शंभर वर्षं झाली, तेव्हा रेझोनन्सने १९३६ ते १९४३ ची सुरुवातीची रेकॉर्डिंग सात सीडींच्या पेटीत काढली. पेट्या ज्यांना परवडतात त्यांच्याकडे आहेत. माझ्याकडे फुटक्या काचेचा मोबाइल आहे. गाणं तेच.

आता अंकल टॉमचा हिशोब करू. हिशोब म्हटला की तारखा आल्या.

नॅटचा बाप बाप्टिस्ट पाद्री. तो प्रवचनात एक लोककथा सांगायचा. गिधाड जनावरांना पाठीवर बसवून आकाशात फिरवायचं, वर नेऊन खाली टाकायचं आणि मेलेलं मांस खायचं. एकदा माकड बसलं. माकडाने शेपटीचा फास गिधाडाच्या मानेभोवती आवळला. म्हणालं, सरळ उड. याच कथेवर नॅटने 'स्ट्रेटन अप अँड फ्लाय राइट' हे गाणं बांधलं. १९४४ मध्ये ते अमेरिकाभर वाजलं. गोऱ्यांनी त्यावर पाय थिरकवले. बघा बरं, कशावर थिरकवले ते! पाठीवर घेऊन मारणाऱ्याची मान आवळायच्या गोष्टीवर! आवाज मऊ होता म्हणून फास सैल होता काय?

आणि या गाण्याचे हक्क नॅटने आधीच पन्नास डॉलरला विकून टाकले होते. पोट होतं. विकत घेणाऱ्याचं नाव गीतकार म्हणून त्याच्या नावाला चिकटलं. गिधाड गाण्यातच होतं असं नाही, गाण्याच्या कागदावरही बसलं होतं.

पुढे ऐका, हे खास गिरणीवाल्यांसाठी आहे. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या युनियनने संप केला. रेकॉर्ड भरणार नाही! का? तर वादकाला एकदा पैसे देऊन तबकडी भरायची, मग ती रेडिओवर आणि ज्यूकबॉक्समध्ये हजार वेळा वाजवायची आणि त्याच तबकडीपायी वादकाची रोजची कामं बुडवायची. वादकाची मेहनतच वादकाला बेकार करते! युनियनने प्रत्येक तबकडीमागे युनियनच्या फंडात पैसे मागितले. डेक्का कंपनी सप्टेंबर १९४३ मध्ये वाकली, कॅपिटल ऑक्टोबरमध्ये. बड्या आरसीए आणि कोलंबिया नोव्हेंबर १९४४ पर्यंत अडून बसल्या. आणि नॅटने माकडाचं गाणं कॅपिटलसाठी भरलं ३० नोव्हेंबर १९४३ ला, म्हणजे तडजोड झाल्यावर. हॉटेलात जेवताना वाजतं ते हे गाणं एका जिंकलेल्या संपाच्या पाठीवर उभं आहे, मित्रा. माझा आजा १९८२ च्या गिरणी संपात मुंबईहून गावी परत आला तो कायमचा. जिंकलेला संप कसा वाजतो, ते मला ऐकू दे की जरा.

पण संपाची आरती ओवाळून थांबू नका. त्याच युनियनच्या लॉस एंजेलिसमध्ये दोन शाखा होत्या. गोऱ्यांची ४७ नंबरची, काळ्यांची ७६७ नंबरची. युनियन एक, दारं दोन. वादकांनीच झगडून १९५३ मध्ये त्या एक केल्या. ओळखीचं वाटतं ना? मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात पगार जास्त, पण तिथे आपल्या माणसाला मज्जाव. कांडी बदलली की धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा, आणि अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला लावणार नव्हता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपवाल्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. 'जगातल्या कामगारांनो एक व्हा' म्हणणाऱ्यांना धोटा दिसत नव्हता. ७६७ नंबर आणि रिंगखातं यांच्यात सात समुद्र आहेत, पण भिंतीचं गवंडीकाम एकाच हाताचं.

१९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. निग्रो जनता युनोकडे अर्ज करतेय असं कळलं, त्या अर्जाच्या प्रती मागितल्या. त्याच १९४६ मध्ये नॅटच्या त्रिकुटाला एनबीसी रेडिओवर स्वतःचा कार्यक्रम मिळाला, केसांच्या क्रीमच्या कंपनीने पुरस्कृत केलेला. दहा वर्षांनी, ५ नोव्हेंबर १९५६ ला, तोच माणूस टेलिव्हिजनवर आला. देशभरासाठी एकही पुरस्कर्ता पुढे येईना. दक्षिणेतलं गिऱ्हाईक बिथरेल ही धास्ती. डिसेंबर १९५७ मध्ये नॅटनेच कार्यक्रम बंद केला. गळा तोच, बोटं तीच. फरक एवढाच की रेडिओवर तोंड दिसत नव्हतं! 'आवाज गोड आहे हो, पण...' हा 'पण' आपल्याला कोण समजावून सांगणार? खोली बघायला गेल्यावर आडनाव विचारतात तेव्हा हाच 'पण' दारात उभा असतो.

खोलीवरून आठवलं. १९४८ मध्ये नॅटने लॉस एंजेलिसच्या हॅन्कॉक पार्क या गोऱ्या वस्तीत घर घेतलं. शेजारी संघटना करून आले, म्हणाले, इथे नको ती माणसं यायला नकोत. नॅटने सांगितलं, मलाही नकोत, कुणी दिसलं तर पहिली तक्रार मीच करीन. आवाज न चढवता! अंगणातल्या हिरवळीवर शिवी जाळून कोरली गेली, कुत्र्याला विष घातलं गेलं. तो घर सोडून गेला नाही.

आणि १० एप्रिल १९५६. अलाबामातलं बर्मिंगहॅम. सभागृहात फक्त गोरे प्रेक्षक. नॅट गात असताना गोरे गुंड मंचावर चढले आणि त्याला पियानोच्या बाकावरून खाली पाडलं. याच अलाबामातल्या माँटगोमेरीत त्याचा जन्म झाला होता आणि त्याच माँटगोमेरीत तेव्हा काळी माणसं बसवर बहिष्कार टाकून पायी चालत होती. आपलं १९५६ आपल्याला पाठ आहे. नागपूर आणि चैत्यभूमी. त्याच सालात हेही घडलं, वहीत लिहून ठेवा.

आता माझ्या कार्यकर्ता मित्राच्या बाजूचं बोलतो, नाहीतर मी भाट ठरेन. सभागृहात फक्त गोरे बसतील ही अट नॅटने मान्य केली होती. हल्ल्यानंतरही म्हणाला, मी कलाकार, राजकारण माझं काम नाही. काळी जनता भडकली. काळ्यांची वर्तमानपत्रं तुटून पडली, एनएएसीपीचे पुढारी बोलले, हार्लेममध्ये ज्यूकबॉक्समधून त्याच्या तबकड्या काढल्या गेल्या. अंकल टॉम ही शिवी त्याला तेव्हाच मिळाली, आपल्या मित्राचा शोध नव्हे तो. आणि मी म्हणतो, टीका बरोबर होती! आपले लोक बाहेर उभे असताना आत गाणाऱ्याला विचारलंच पाहिजे. पण पुढचं पान कोण वाचणार? नॅट डेट्रॉइटच्या एनएएसीपी शाखेचा आजीव सभासद झाला. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाच्या तयारीतही होता. त्याच्या लोकांनी त्याला शिव्या दिल्या, पण परत यायला वाट ठेवली. आपण? आपण एकदा शिक्का मारला की शाई वाळू देत नाही. फलाणा बाटला, ढिकाणा मॅनेज झाला. गटात गट, त्या गटात दोन माणसं आणि तीन अध्यक्ष!

१५ फेब्रुवारी १९६५ ला नॅट फुफ्फुसाच्या कॅन्सरने मेला, वय ४५. सहा दिवसांनी, २१ फेब्रुवारीला माल्कम एक्सला गोळ्या घातल्या. एकाचा आवाज मखमल, दुसऱ्याचा जाळ. अमेरिकेने मखमलीला बाकावरून पाडलं आणि जाळाला विझवू बघितलं. मारणाऱ्याने कधी आवाजाची पट्टी विचारली काय? मग आपणच आपल्या माणसाला पट्टी का विचारतो? पँथर हे नाव आपण १९७२ मध्ये तिकडूनच घेतलं ना? मग तिथल्या माणसाचं हसणं, प्रेमात पडणं, संध्याकाळी निवांत गाणंही घ्या. बाबासाहेब व्हायोलिन शिकत होते, तेव्हा त्यांच्या हातातली घटना गळून पडली नव्हती.

दुसरीकडे ते पेटीवाले रसिक. मंद दिवा, हातात ग्लास, 'काय तलम आवाज आहे!' त्यांना गिधाड ऐकू येत नाही, ७६७ नंबर ऐकू येत नाही. त्यांना तलम मिळालं, सूत कुणी कातलं याचं घेणंदेणं नाही. माझे कडवे दोस्तही तेवढंच तलम ऐकतात, आणि थुंकतात. दोघांचे कान सारखेच बुजलेले.

पण त्या पेट्यांची एक गोष्ट मला रात्रभर टोचली. कुठल्या तारखेला, कुठे, कोण वाजवत होतं, ते गाण्यागणिक लावलेलं. बासवाल्याचंसुद्धा नाव. ऐंशी वर्षांनी! आणि आपण? भीमराव कर्डकांचा जलसा आपल्याला नावाने माहीत आहे. वामनदादांची गाणी तोंडपाठ आहेत. पण त्या जलशात ढोलकी कोण बडवत होता? कोरसमधल्या बाया कोण? आमच्या वस्तीत एक म्हातारा आहे, चाळीस वर्षं गायनपार्टीत पेटी वाजवली. पत्र्याच्या ट्रंकेत त्याच्या कॅसेटी आहेत, अर्ध्यांना बुरशी. एकीवरही त्याचं नाव नाही. फीत मलाच उलगडून दाखवताना म्हणाला, "नाव कशाला रे, गाणं बाबांचं हाय." त्याचा मोठेपणा त्याच्याजवळ. आपल्याला लाज वाटली पाहिजे.

म्हणून या अंकापासून मी एक काम मागतो. भाषण नाही, काम. वाचणाऱ्या प्रत्येकाने आपल्या वस्तीतली एक ट्रंक उघडायची. गाणारा, पेटीवाला, ढोलकीवाला, झांजवाला, कोरसवाल्या, गाव, साल. वहीत उतरवायचं, माणूस हयात असेल तर त्याच्या तोंडून. कॅसेट फोनवर भरून घ्यायची. याद्या इथेच छापू. आपली पेटी आपणच काढू, आणि हक्क पन्नास डॉलरला जाणार नाहीत.

माझी आईच्या हातांवरची कविता मी मागे घेत नाही. विद्रोह कुठाय विचारणाऱ्या दोस्ता, ये एकदा पाळी सुटल्यावर घरी. आईच्या हातची भाकरी खा. मग आपण दोघं मिळून त्या म्हाताऱ्याकडे जाऊ. ट्रंक जड आहे, एकट्याने उचलत नाही.

जयभीम.