तिचं नाव काय?

मागल्या महिन्यात आपल्या अभ्यासवर्गात एकजण बोलून गेला, ‘मुसलमान बाई अन् साहित्य? बुरख्यातून काय दिसणार तिला!’ सगळे हसले. मीही हसलो. ही लाज आधी नोंदवून ठेवतो.

मग रात्रपाळी सुटली की झोप मोडून वाचत बसलो. इंग्रजीतनं, डिक्शनरी मांडीवर ठेवून. शाळा माझी सातवीतच सुटली. चुकलं तर भांडा.

प्रामुद्या अनंता तूर हा जावा बेटातला, ब्लोरा गावचा लेखक. १९६५ला लष्करानं उचलला, १९६९ ते १९७९ बुरू बेटावर डांबला. त्याची कादंबरी ‘गादिस पांताई’, म्हणजे किनाऱ्यावरची पोर. आजीच्या आयुष्यावर बेतलेली. तीन भाग होते, दोन १९६५च्या धुमाळीत नष्ट झाले. उरला एक. तो पुरे आहे.

कोळ्याची चौदा वर्षांची पोर. रेंबांगच्या सरदाराशी तिचं लग्न लागतं. नवरा येतच नाही, त्याची कट्यार येते. लोखंडाशी लग्न! सरदार नमाजी, धर्माचा जाणकार. कोळीवाडा त्याला घाण वाटतो. बरोबरीच्या घराण्यातली मिळेपर्यंत ही नुसती सरावाची बायको. मुलगी झाली. मुलगी ठेवून घेतली, आईला हाकललं.

यात बुरखा कुठंय, भावांनो? मला तर गावचा वाडा दिसला. आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं वाड्यात कुठल्या दारानं जायचं ते. अन् अल्ला एक, नमाज एक, तरी सरदार वर आणि कोळी खाली! धर्म बदलला की भागलं म्हणणाऱ्यांनी एक रात्र तरी यावर जागावं.

मलेशियाचा शाहनोन अहमद. १९६६ची त्याची कादंबरी. शेतकरी लाहुमा, बायको जेहा, सात पोरी. पायात काटा रुततो, जखम चिघळते, लाहुमा मरतो. जेहा एकटी भाताच्या चिखलात उतरते, राबते, वेडी होते. शेवटी घरातच पिंजऱ्यात. इंग्रजीत ही कादंबरी आणली आदिबा अमीन या बाईनं, १९७२ला. शाहनोनवर माझा राग आहे. जेहाला राबवलंस, वेडं केलंस, बोलू का दिलं नाहीस?

बाया स्वतः बोलल्या तेव्हा काय झालं? १९९८ला सुहार्तो पडला. त्यानंतर इंडोनेशियातल्या तरुण बाया धडाधड लिहू लागल्या, तर त्यांच्या लिखाणाला नाव पडलं ‘सास्त्रा वांगी’. सुगंधी साहित्य! घामाचा वास नाकात जाऊ नये म्हणून अत्तर शिंपडायची ही रीत आपल्याला नवी नाही. आबिदा अल खालिकीनं २००१ला मदरसेवाल्याची पोर आन्निसा लिहिली. भाऊ घोड्यावर बसतो, हिला बंदी. पदरात जुलमी नवरा. पोर धर्माच्या वर्गातच उठून प्रश्न विचारते. २००९ला त्यावर सिनेमा निघाला तेव्हा काही मौलवी भडकले. वाचवायला या म्हणून तिनं कुणाला तार केली नव्हती.

आता आपलं. प्रामुद्याच्या अख्ख्या पुस्तकात त्या पोरीला नाव नाही. ते वाचून मी माझी वही काढली. सात कवितांत आई आहे. शेणाची पाटी, फाटकं लुगडं, भेगाळलेल्या टाचा, सगळं आहे. नाव एकीतही नाही. तुमच्या वह्या काढा, बघा.

परवा तिला विचारलं, ‘आये, कवितेत तुझं नाव घालू का?’

म्हणाली, ‘आधी वाचून तर दाखव. इतकी वर्षं लिवतुयास माझ्यावर.’