सामान्यरूप आणि संगणकावरील मराठी वाक्य

संगणकाच्या पडद्यावरील मराठी सदोष दिसली की अभ्यासक अनुवादकाला दोष देऊन मोकळे होतात. ते वाक्य पडद्यावर पोहोचते कसे, याची चौकशी मराठी विभागांतून सहसा होत नाही. वस्तुतः ती व्याकरणाच्या अभ्यासकाचीच चौकशी आहे.

मूळ आज्ञावलीत बहुधा इंग्रजी वाक्य असते. त्याचे मराठी रूप वेगळ्या फाईलमध्ये साठवतात. १९९५ साली जीएनयू प्रकल्पातून आलेल्या 'गेटटेक्स्ट'सारखी लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञासंग्रह, ऐन वेळी इंग्रजी वाक्याच्या जागी मराठी वाक्य आणून ठेवते. पुष्कळदा या वाक्यात नामासाठी रिकामी जागा असते. अनुवादक '– ला जाणारी गाडी' असे लिहितो आणि नाव मागाहून भरले जाते.

आता सोलापूर जिल्ह्यातील ११ तालुक्यांची नावे त्या जागेत घालून पाहावीत. अक्कलकोट, बार्शी, मोहोळ, माळशिरस निभावून जातात. माढा, करमाळा, सांगोला आणि मंगळवेढा यांपाशी मात्र 'करमाळाला', 'सांगोलाला' अशी रूपे उमटतात. 'ला'ऐवजी 'त' असेल तर 'पंढरपुरात' न होता 'पंढरपूरत' होते! मो. के. दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालचे. सामान्यरूप ही काही नवी गोष्ट नव्हे. परंतु गेटटेक्स्टमध्ये वचनानुसार वेगळी वाक्ये ठेवण्याची सोय आहे, विभक्तीनुसार नामाचे रूप बदलण्याची नाही. इंग्रजीला तिची गरज भासली नाही. सोलापुरात घरोघरी बोलल्या जाणाऱ्या कानडी आणि तेलुगू भाषाही प्रत्यय नामालाच जोडतात, तेव्हा हा केवळ मराठीचा हट्ट म्हणता येत नाही.

चाणाक्ष अनुवादक पळवाट काढतो आणि 'गंतव्यस्थान : करमाळा' असे लिहितो. यात चूक नाही, म्हणूनच हानी अधिक. प्रत्यय गेला, क्रियापद गेले. उरला तो छापील अर्जाचा रकाना.

उपाय अवघड नाही. नावाबरोबर त्याचे सामान्यरूपही साठवावे : 'करमाळा' आणि 'करमाळ्या'. तालुक्यांपुरते हे काम एका दुपारचे आहे. खेड्यांची नावे आणि आडनावे यांचे तसे नाही. 'पाटील'चे 'पाटलांना' होते, 'वकील'चे 'वकिलांना'. अशी यादी आज्ञावलीकार करू शकणार नाही. पदव्युत्तर प्रबंधिकेसाठी हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याला ग्रंथालयाबाहेर पडून, सांगोल्याचा माणूस शेजारच्या गावाचे नाव कसे चालवतो, ते कानांनी ऐकून नोंदवावे लागेल.