उजळले ते सारे कर्करोग नव्हे

आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून साकारलेल्या ‘नेक्सकार१९’ या टी-पेशी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. राष्ट्रीय विज्ञानवार्तांनी त्याचा गौरव केला, तो योग्यच होता. मात्र ज्या ग्रंथीत टी-पेशी परिपक्व होतात, त्या थायमसविषयी याच वार्ता मौन पाळतात. हे मौन निरुपद्रवी नाही.

ल्युकेमियावरील केमोथेरपी व स्टेरॉइडांमुळे मुलांची थायमस ग्रंथी आक्रसते. उपचार संपल्यावर ती पुन्हा वाढते. कधी पूर्वीहूनही मोठी होते. ही प्रतिकारशक्तीची पुनर्बांधणी असते. पण पेट स्कॅनवर उरोस्थीमागे काही उजळलेले दिसले, की घरात ‘आजार उलटला’ असा आकांत होतो. पेट स्कॅन कर्करोग मोजत नाही, ऊतीने शोषलेले ग्लुकोज मोजतो; आणि वाढणारी निरोगी ऊतीही ग्लुकोज शोषते. ‘कर्करोग टिपणारे यंत्र’ असे मथळे देणाऱ्यांनी हा मूलभूत फरकच पुसून टाकला आहे.

ही चूक नवी नाही. पूर्वी शवविच्छेदनासाठी येणारे देह बहुधा गरिबांचे असत; आजार आणि उपासमारीने त्यांच्या थायमस ग्रंथी आक्रसलेल्या असत. तोच आकार ‘सामान्य’ ठरला आणि निरोगी बालकांची ग्रंथी ‘धोकादायक’. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत असंख्य मुलांच्या छातीवर क्ष-किरणांचा मारा झाला. १९५० मध्ये डफी आणि फिट्झजेराल्ड यांनी त्याचा थायरॉइडच्या कर्करोगाशी असलेला संबंध निदर्शनास आणला.

मग प्रत्येक वाढ दुर्लक्षावी काय? मुळीच नाही. टी-पेशींचा ल्युकेमिया छातीच्या याच भागात उलटू शकतो. म्हणूनच तज्ज्ञ ग्रंथीचा आकार, उपचारानंतर लोटलेला काळ, रक्त व अस्थिमज्जा यांचा एकत्रित विचार करतात, पुन्हा प्रतिमा घेतात आणि संशय उरला तरच ऊतीचा तुकडा तपासतात.

हा संयम कुटुंबाला आधी समजावून सांगावा लागतो. म्हैसूर जिल्ह्यातील एच. डी. कोटे तालुक्यातून बंगळूरच्या किडवई संस्थेपर्यंतचा प्रवास सुमारे दोनशे किलोमीटरचा. तेथल्या शेतमजुरासाठी प्रत्येक फेरी म्हणजे बुडालेला रोजगार आणि जागून काढलेली रात्र. प्रयोगशाळेत घडवलेल्या टी-पेशींचा जयघोष करणाऱ्यांनी, मुलाच्या छातीत पुन्हा उभ्या राहणाऱ्या टी-पेशींच्या शाळेला निदान शत्रू ठरवू नये.