सोडून दिलेला कोड, विकणाऱ्याची जबाबदारी

‘मूळ लेखक केव्हाच गायब झाला, प्रकल्प बंद पडला, आता विचारायला कोण येणार?’ तयार सॉफ्टवेअर विकणाऱ्यांकडून हा युक्तिवाद सर्रास ऐकू येतो. तो साफ चुकीचा आहे. काम थांबलं म्हणून हक्क संपत नाही. भारतात संगणकाचा प्रोग्राम ही कायद्यानं साहित्यकृती आहे आणि लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं तिचा कॉपीराइट टिकतो. मुक्त कोड आपल्याला वापरता येतो तो परवान्यामुळे, आणि परवाना अटींसकट येतो. अमेरिकेत जेकबसेन विरुद्ध कॅट्झर या खटल्यात मॉडेल रेल्वे चालवणाऱ्या एका मुक्त प्रणालीच्या फायली प्रतिपक्षानं लेखकांची नावं आणि परवान्याचा उल्लेख गाळून आपल्या उत्पादनात घातल्या होत्या. अशा अटी मोडणं हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो, असा निर्वाळा अपील न्यायालयानं २००८ मध्ये दिला. तो प्रकल्प चालू होता हे खरं; पण प्रकल्प बंद पडला म्हणून अटी सुटत नाहीत.

दुसऱ्या बाजूला सावध मंडळी आहेत. ती म्हणतात, बंद पडलेल्या कोडला हातच लावू नका. त्यांची भीती समजते, निष्कर्ष पटत नाही. डिस्कवरची माहिती कूटबद्ध करणाऱ्या ट्रूक्रिप्ट या प्रोग्रामच्या अनामिक कर्त्यांनी मे २०१४ मध्ये काम थांबवलं. व्हेराक्रिप्टनं त्याच कोडवर पुढचं काम चालू ठेवलं. २०१५ मध्ये ट्रूक्रिप्टच्या विंडोज ड्रायव्हरमध्ये दोन त्रुटी सापडल्या, तेव्हा व्हेराक्रिप्टनं त्या बुजवल्या. ट्रूक्रिप्टमध्ये त्या तशाच राहिल्या. याउलट फायली आकुंचित करणाऱ्या विनरार या प्रोग्रामचं पाहा. एसीई फायली उघडण्यासाठी त्यात बाहेरची एक जुनी लायब्ररी होती आणि तिचा सोर्स कोड विनरारकडे नव्हता. २०१९ मध्ये तिच्यातली त्रुटी जगजाहीर झाली तेव्हा विनरारला ती दुरुस्त करता आली नाही. एसीईची सोयच काढून टाकावी लागली. कोड जुना असण्यापेक्षा तो हाती नसणं जास्त महागात पडतं.

मग खरा दोष कुठे आहे? बोआ नावाच्या छोट्या वेब सर्व्हरमध्ये तो स्पष्ट दिसतो. राउटर किंवा कॅमेऱ्याचं सेटिंगचं पान ब्राउझरमध्ये उघडतं ना, ते पुरवण्याचं काम बोआ करतो. त्याचा विकास २००५ मध्ये थांबला. तरी चिप बनवणाऱ्यांच्या विकासकिटमध्ये तो राहिला, किटमधून उपकरणात आला आणि उपकरण विकणाऱ्याला पत्ताही लागला नाही. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टला एका आठवड्यात इंटरनेटवर उघडी असलेली बोआची दहा लाखांहून अधिक ठिकाणं आढळली. आपल्या देशाचाही याच्याशी संबंध आहे. लडाखजवळच्या वीज भार प्रेषण केंद्रांना लक्ष्य करणाऱ्या हॅकरांनी ताब्यात घेतलेले कॅमेरे आणि डीव्हीआर मध्यस्थ म्हणून वापरल्याचं रेकॉर्डेड फ्यूचर या सायबरसुरक्षा कंपनीनं त्याच वर्षी सांगितलं होतं. त्या अहवालातले आयपी पत्ते तपासताना मायक्रोसॉफ्टला बोआच्या खुणा दिसल्या.

यात बोआच्या कर्त्यांचा काय दोष? त्यांनी फुकट दिलं आणि यथावकाश थांबले. दोष आहे तो १७ वर्षं तो कोड विकून पैसे घेणाऱ्यांचा, ज्यांनी तो कधी उघडूनही पाहिला नाही. माझं म्हणणं एवढंच: सोडून दिलेला कोड जरूर घ्या, पण तो खोक्यात भरून विकलात की त्याची देखभाल तुमची. मूळ नावं आणि परवाना जागेवर राहू द्या. परवाना जीपीएल, म्हणजे सोर्स खुला ठेवण्याची अट घालणारा, असेल तर सोर्स द्या. तो कोड वाचून समजून घेतलेला एक तरी माणूस पगारावर ठेवा आणि विकलेल्या उपकरणापर्यंत दुरुस्ती पोचवण्याची वाट तयार ठेवा. परवडत नाही, असं म्हणणाऱ्यानं फुकटच्या कोडमुळे आपले किती महिने वाचले तेही हिशेबात धरावं.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेनं ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या घटकांच्या यादीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. सरकारी खरेदीत अशी यादी सक्तीनं मागावी, आणि प्रत्येक घटकापुढे आज त्याची दुरुस्ती कोण करतं हेही लिहून घ्यावं. तो रकाना रिकामा ठेवणाऱ्या विक्रेत्याला वीजकेंद्राच्या आसपासही फिरकू देऊ नये.