पणजोबांच्या घड्याळाचा घसारा

वस्तू जुनी झाली की तिची किंमत उतरते, असे आम्हा वाणिज्य शाखेच्या मुलांना पहिल्या वर्षापासून शिकवले जाते. दरवर्षी ठरावीक घसारा लिहायचा, आणि वस्तूचे आयुष्य संपले की पुस्तकात उरते ती फक्त मोडीची किंमत. कापडगिरणीच्या मागाला हा हिशेब ठीक आहे. पण घरातल्या ट्रंकेत पडलेल्या साखळीच्या घड्याळालाही आपण तोच लावतो, आणि तिथे माझा विरोध आहे.

माझे आजोळ ग्वाल्हेरचे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी जिथे पडली, तिचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले, आणि छावणीबरोबर आलेली मराठी घरे तिथेच राहिली. माझे पणजोबा त्यांपैकीच एका घरातले. जी. आय. पी. रेल्वेत ते मालधक्क्यावर कारकून होते. (ही रेल्वे १९५१ साली मध्य रेल्वेत विलीन झाली.) त्यांच्यामागे राहिले ते चांदीच्या डबीतले एक घड्याळ. गेल्या उन्हाळ्यात आजोळचे घर आवरताना ते निघाले, आणि त्याचे तिघे वारस ठरले : मामा, आई आणि मावशी. एक घड्याळ तिघांत कसे वाटायचे? मामांनी सरळ तोडगा काढला, विकून पैसे वाटून घेऊ. म्हणून मी आणि मामा टोपी बाजारात गेलो.

टोपी बाजार हा लष्करातला महाराज बाड्याजवळचा जुना बाजार. नावावरून तिथे कुणी टोपी घालेल अशी शंका मराठी माणसाला येणारच, पण दुकानदार बिचारा सरळ होता. त्याने डबी तोलली. वजन भरले ३८ ग्रॅम. चांदी आठशे नंबरी, म्हणजे हजारात ८०० भाग. गणित मी तिथेच केले : शुद्ध चांदी ३०.४ ग्रॅम, प्रत्येक वारसाच्या वाट्याला दहा ग्रॅमच्या थोडे वर. पणजोबांची सगळी नोकरी ज्या घड्याळावर गेली, त्याची वाटणी एका पैंजणाइतकीसुद्धा होत नव्हती. मग दुकानदाराने दुसरी वाट दाखवली. “डायल नया लगवा दो, पॉलिश करवा दो, शौकीन लोग अच्छा दाम देंगे.” वर हवे तर नव्या तबकडीवर ‘रेल्वे’ असे लिहून किंवा शिंद्यांचे राजचिन्ह काढून देण्याची सोयही होती. मामांचे डोळे चमकले. मला मात्र हा प्रकार चांदी वितळवण्याहून वाईट वाटला. कारण सांगतो.

जुन्या घड्याळाची ओळख तबकडीवरून पटवायची नसते. तबकडी बदलता येते, रंगवता येते, तिच्यावर वाटेल ते नाव लिहिता येते. आपल्या देशात जुन्या यंत्रावर नवी तबकडी चढवून विकलेली घड्याळे इतकी आहेत की परदेशातले जाणते लोक भारतातून आलेले चकचकीत घड्याळ पाहिले की आधी संशय घेतात. खरी ओळख आतल्या यंत्रावरून आणि झाकणाच्या आतल्या बाजूवरून पटते. आमच्या डबीत एका पक्ष्याचा ठसा होता. १८८० च्या स्वित्झर्लंडच्या कायद्यानंतर आठशे नंबरी चांदीवर रानकोंबड्यासारखा पक्षी आणि ८७५ नंबरीवर अस्वल असे ठसे ठरले. सोन्यात चौदा कॅरटला खार आणि अठरा कॅरटला स्त्रीचे मुख. एवढे चार प्राणी ओळखता आले तरी अर्धी फसवणूक टळते.

आतल्या दुसऱ्या झाकणावर पदके कोरलेली होती. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले की ही महाराजांनी दिलेली पदके, म्हणजे घड्याळही महाराजांनीच दिलेले. प्रत्यक्षात ती जुन्या औद्योगिक प्रदर्शनांतल्या पदकांची चित्रे. शेकडो स्विस घड्याळांवर कारखानदार ती जाहिरातीसाठी कोरत असत. महाराजांचा संबंध संपला. मामा थोडे हिरमुसले, पण मला तो माणूस उलट जवळचा वाटू लागला. कारकुनाने आपल्या पगारातून घेतलेले घड्याळ!

ते अगदी साधेही नव्हते. गरिबांचे घड्याळ म्हणजे रोस्कॉफचे. जॉर्ज फ्रेडरिक रोस्कॉफ याने १८६७ साली मजुराला परवडेल असे वीस फ्रँकचे घड्याळ बाजारात आणले, त्यात अवघे ५७ भाग होते. आमच्या यंत्रात पंधरा माणके निघाली. माणके म्हणजे दागिना नव्हे. चाकांचे आस झिजू नयेत म्हणून त्यांना दिलेल्या कठीण दगडाच्या बैठका त्या.

आणि मग मागच्या झाकणाच्या आत, भिंगाखाली, सुईने ओरखडल्यासारखी बारीक अक्षरे दिसली. घड्याळ दुरुस्त करणारा आपली खूण आणि तारीख अशी कोरून ठेवतो, ही जुनी रीत आहे. आमच्या घड्याळात अशा पाच खुणा निघाल्या, त्यांपैकी दोन तारखा स्पष्ट वाचता आल्या : १९३४ आणि १९४१. म्हणजे पणजोबांनी ते वेळोवेळी उघडवले, साफ करवले, पैसे मोजले. ही त्या घड्याळाची रोजकीर्द आहे. पॉलिशचे चाक एकदा फिरले की पहिल्यांदा पुसली जाते ती हीच. कोणत्याही पेढीत जुनी वही खोडून चकचकीत नवी लिहिली तर त्याला आपण अफरातफर म्हणतो. घड्याळात तेच केले की त्याला ‘रिपेअरिंग’ का म्हणायचे?

नोंदीमुळे किंमत कुठे जाते, याचे एक टोकाचे उदाहरण. २००९ साली न्यूयॉर्कच्या लिलावात गांधीजींचे झेनिथचे साखळीचे घड्याळ, चष्मा, चपला आणि ताट-वाटी मिळून १८ लाख डॉलरला गेली. यंत्र म्हणून ते घड्याळ काही अजोड नव्हते. ते कुणाच्या खिशात होते याची खात्री होती, एवढेच. आमचे पणजोबा गांधीजी नव्हते हे मलाही कळते. पण खात्री ही चीज दोन्हीकडे सारखीच.

आता निगा. कन्नडमध्ये घड्याळाला ‘कीली’ देतात, मराठीत किल्ली. दोन्ही भाषांत ती रोज ठरल्या वेळी द्यावी, अडली की थांबावे. बंद घड्याळ झटकू नये. बहुधा आतले तेल वाळलेले असते, आणि तशाच कोरड्या यंत्राला चालवले की आस झिजतात. शिलाई मशीनचे किंवा खोबरेल तेल तर मुळीच नको. चार-पाच वर्षांनी जाणत्या घड्याळजीकडून उघडून साफ करवावे. झाकणाचे घड्याळ असेल तर किल्लीचे बोंड दाबून झाकण हलकेच बसवावे, फटकन आपटू नये. मिन्याच्या तबकडीवर केसासारखी चीर असली तर असू द्यावी, पाणी लावू नये. रात्री ते खुंटीला उभे टांगावे. आपल्या बेळगावच्या पावसाळ्यात सुती कापडात गुंडाळावे, रबरबँड कधी लावू नये, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. काट्यांवर अंधारात चमकणारा जुना रंग असेल तर तो खरवडू नये. त्या काळी त्यात रेडियम घालत.

खरी अडचण घड्याळजी मिळण्याची आहे. १९६१ साली बंगळूरला एच. एम. टी.ची घड्याळे सुरू झाली आणि दोन पिढ्यांना मनगटी घड्याळे मिळाली. २०१६ साली सरकारने ती कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. किल्लीच्या घड्याळांवर हात बसलेली माणसे आता म्हातारी होत आहेत, आणि बॅटरी बदलून देणाऱ्याला घड्याळजी म्हणण्याची पाळी आली आहे. महाविद्यालयांतून एवढे कौशल्यवर्ग निघतात, त्यात हा एक का नसावा?

आमचे घड्याळ विकले गेले नाही. लष्करातच एका वृद्ध कारागिराने ते साफ केले, खर्च तिघांनी सारखा वाटून घेतला, आणि ठसे, आकडे, तारखा मी वहीत उतरवून तिघांना एकेक प्रत दिली. घड्याळ सध्या मावशीकडे आहे, दरवर्षी दिवाळीनंतर ते पुढच्या घरी जाईल असे ठरले आहे. दिवसाला ते चार मिनिटे मागे पडते. मामांचे म्हणणे, त्यापेक्षा विकले असते तर बरे.