पोराचेही माती परीक्षण हवे!



लागणीच्या नोंदी घेण्यास आम्ही रोहणा शिवारात गेलो असता एका सभासदाने बांधावरच गाठले. म्हणाले, "साहेब, पोट्टं सातवीत हाय, पण भागाकार काही जमत नाही त्याले. शाळेत काँप्युटर आला म्हणते, त्यानं काही होईन का?"

प्रश्न साधा नाही. आम्ही पडलो ऊसवाले. पण उत्तर उसातच सापडते. माती न तपासता साऱ्या शिवाराला एकच खतमात्रा दिली तर काय होते, हे सभासदांना सांगायला नको. वर्गात मात्र सगळ्या पोरांना एकच धडा! पाया कच्चा राहिला त्याच्या डोक्यावरून तो जातो.

आता असे संगणक-कार्यक्रम निघाले आहेत की जे आधी पोराची पारख करतात. उत्तर बरोबर आले तर पुढचे गणित थोडे अवघड देतात. चुकले तर मागच्या पायरीवर नेतात. मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने बडोद्याच्या महापालिका शाळांत 2002 ते 2004 या काळात चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास असे गणिताचे खेळ दिले. एका यंत्रावर दोघे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो व सहकाऱ्यांनी तपासले, तेव्हा गणित चांगलेच सुधारलेले दिसले. पण कार्यक्रम थांबून वर्ष झाल्यावर बराच फायदा ओसरला. खोडव्याकडे दुर्लक्ष केले की टनेज घसरते, त्यातलाच प्रकार.

दिल्लीत 2015 साली 'माइंडस्पार्क'ची अशीच पाहणी झाली. सहावीची मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे निघाली! शाळेखेरीज रोज दीड तास. निम्मा वेळ यंत्रापुढे, निम्मा शिकवणाऱ्याजवळ लहान गटात. साडेचार महिन्यांत गणित व हिंदी दोन्ही सुधारले.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, नुसता काँप्युटर आला म्हणून हुरळून जाऊ नये. पडद्यावर सगळ्यांना एकच धडा दाखवायचा, तर मग फळा काय वाईट? शाळेच्या पालकसभेत सभासदांनी तीन गोष्टी विचाराव्यात. पोर कुठे अडले हे यंत्र दाखवते काय? ते पाहून गुरुजी त्याला जवळ घेऊन शिकवतात काय? आणि हे वर्षभर चालणार काय?

एखाद्या हंगामात ऊस बसला तर पुढच्या हंगामात भरून काढता येतो. पोराचे वर्ष परत येत नाही. तरी गाळपाच्या धांदलीतही सभेला अवश्य जावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी