विश्लेषण : ५.८० कोटींचा उमेश यादव वर्षभरात ‘अनसोल्ड’ कसा ठरला?

सौदी अरेबियातील जेद्दा येथे २४ आणि २५ नोव्हेंबर २०२४ रोजी झालेल्या आयपीएलच्या महालिलावात विदर्भाच्या दोन खेळाडूंच्या वाट्याला दोन टोकांचे निकाल आले. अमरावतीचा यष्टिरक्षक-फलंदाज जितेश शर्मा याला रॉयल चॅलेंजर्स बंगळूरुने ११ कोटी रुपयांना घेतले. ५७ कसोटी खेळलेला वेगवान गोलंदाज उमेश यादव याचे नाव पुकारले गेले, तेव्हा दोन कोटींच्या मूळ किमतीलाही कुणी बोली लावली नाही. याच उमेशसाठी गुजरात टायटन्सने डिसेंबर २०२३ मध्ये ५ कोटी ८० लाख रुपये मोजले होते. नागपूरपासून साठेक किलोमीटरवरील भंडारा जिल्ह्यात या बातमीकडे केवळ क्रिकेटची बातमी म्हणून पाहता येत नाही. पहाटे पोलीस भरतीसाठी धावायचे आणि संध्याकाळी त्याच मैदानावर गोलंदाजी करायची, असा दिनक्रम असलेल्या इथल्या तरुणांना उमेशची गोष्ट सर्वांत जवळची आहे.

उमेश यादव इथवर पोहोचला कसा?

उमेशचे कुटुंब मूळचे उत्तर प्रदेशचे. वडील कोळसा खाणीत कामगार होते आणि त्याचे बालपण नागपूर जिल्ह्यातील खापरखेड्याजवळच्या वलनी या खाण कामगारांच्या वसाहतीत गेले. पोलीस आणि सैन्यदल या दोन्ही भरतींचा प्रयत्न त्याने करून पाहिला. दोन्हीकडे निवड झाली नाही. चामड्याच्या चेंडूशी त्याची ओळख तुलनेने उशिराच झाली, तोवर सारा खेळ टेनिस चेंडूवर होता. विदर्भाचा तत्कालीन कर्णधार प्रीतम गंधे याने त्याचा वेग हेरला आणि नोव्हेंबर २००८ मध्ये मध्य प्रदेशविरुद्ध त्याचे रणजी पदार्पण झाले. तेव्हा तो २१ वर्षांचा होता. २०१० मध्ये एकदिवसीय संघात आणि नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी संघात. कसोटी खेळणारा तो विदर्भाचा पहिला क्रिकेटपटू. रणजीतील पहिल्या चेंडूपासून कसोटी पदार्पणापर्यंत अवघी तीन वर्षे लागली. एवढा वेगवान चढ फार कमी जणांच्या नशिबी येतो, हे आधीच नोंदवलेले बरे.

पुढची कारकीर्द मात्र सरळ रेषेत गेली नाही. २०१५ च्या विश्वचषकात भारतातर्फे सर्वाधिक १८ बळी त्याचे होते. कसोटीत १७० बळी आहेत, पण त्यातले १०० हून अधिक मायदेशातले. इशांत शर्मा, मोहम्मद शमी आणि जसप्रीत बुमरा तंदुरुस्त असले की परदेशात उमेश बाकावर, आणि मायदेशात फिरकीला साथ द्यायला तो पुन्हा संघात, असे वर्षानुवर्षे चालले. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच्या वडिलांचे निधन झाले. त्यानंतर आठवडाभरात तो इंदूर कसोटीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळत होता आणि पहिल्या डावात १२ धावांत ३ बळी घेतले. जून २०२३ मधील जागतिक कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना ही त्याची आतापर्यंतची अखेरची कसोटी.

आयपीएलमध्ये त्याची किंमत कशी बदलत गेली?

सुरुवात दिल्ली डेअरडेव्हिल्सकडून झाली. २०१४ मध्ये कोलकाता नाइट रायडर्सने २ कोटी ६० लाखांना घेतले आणि त्याच वर्षी संघ विजेता ठरला. २०१८ मध्ये बंगळूरुने ४ कोटी २० लाख मोजले, उमेशने त्या हंगामात २० बळी घेतले. पुढच्या हंगामात ११ सामन्यांत आठ बळी. २०२० मध्ये दोनच सामने आणि एकही बळी नाही. बंगळूरुने सोडले. २०२१ साठी दिल्ली कॅपिटल्सने एक कोटीत घेतले आणि संपूर्ण हंगामात एकदाही मैदानात उतरवले नाही.

२०२२ चा महालिलाव त्याच्यासाठी सर्वांत अपमानकारक ठरू शकला असता. नाव पुकारले गेले, बोली नाही. दुसऱ्यांदा पुकारले गेले, तरी नाही. अगदी शेवटी कोलकात्याने दोन कोटींच्या मूळ किमतीवर त्याला घेतले. त्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात, पहिल्याच षटकात त्याने चेन्नईच्या ऋतुराज गायकवाडला बाद केले. पंजाबविरुद्ध २३ धावांत चार बळी घेत सामनावीर ठरला. १२ सामन्यांत १६ बळी झाले आणि त्या बळावर साडेतीन वर्षांनंतर भारताच्या ट्वेन्टी-२० संघाचे दार उघडले. जो गोलंदाज दोनदा पुकारूनही नको होता, तोच काही आठवड्यांनी सर्वाधिक बळींच्या शर्यतीत आघाडीवर होता.

२०२३ मध्ये पुन्हा घसरण झाली, आठ सामन्यांत एक बळी. आता कोणत्याही सरळ हिशेबाने त्याची किंमत उतरायला हवी होती. प्रत्यक्षात डिसेंबर २०२३ मध्ये गुजरातने त्याला कारकिर्दीतील सर्वांत चढ्या बोलींपैकी एक देऊ केली. २०२४ च्या हंगामात सात सामन्यांत त्याने आठ बळी घेतले, म्हणजे आधीच्या वर्षापेक्षा सरसच. तरीही जेद्दात बोली शून्य. एकूण १४८ सामने आणि १४४ बळी जमा असलेल्या गोलंदाजाचा हा आलेख कामगिरीच्या आलेखाशी कुठेच जुळत नाही.

मग बोली ठरते कशावर?

ती ठरते रिकाम्या जागेवर आणि हातातल्या पैशांवर. डिसेंबर २०२३ मध्ये गुजरातकडे सर्व संघांत सर्वाधिक, ३८ कोटी १५ लाख रुपये शिल्लक होते. हार्दिक पंड्या मुंबईकडे गेला होता, शमी जखमी होता आणि पॉवरप्लेमध्ये नवा चेंडू टाकणारा भारतीय वेगवान गोलंदाज त्यांना तातडीने हवा होता. ५ कोटी ८० लाख ही त्या गरजेची किंमत होती. वर्षभरानंतर त्याच गुजरातने मोहम्मद सिराज (१२.२५ कोटी), कागिसो रबाडा (१०.७५ कोटी) आणि प्रसिध कृष्णा (९.५० कोटी) यांना घेतले. जागा भरली. उमेश ३७ वर्षांचा झाला होता आणि शेवटच्या षटकांतील यॉर्कर हे त्याचे बलस्थान कधीच नव्हते. महालिलावात घेतलेला खेळाडू पुढील तीन हंगामांचा विचार करून घेतला जातो, हेही त्याच्या विरोधात गेले.

नियमाची आणखी एक अडचण होती. पाच वर्षे आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्या भारतीय खेळाडूला २०२५ च्या हंगामापासून ‘अनकॅप्ड’ गटात गणले जाते. महेंद्रसिंह धोनीला चेन्नईने चार कोटींत राखले ते त्यामुळेच. उमेश २०२३ मध्ये कसोटी खेळल्याने ती वाट बंद होती. तो एकटाच नाही म्हणा. पालघरचा शार्दूल ठाकूर आणि मुंबईचा पृथ्वी शॉ यांनाही जेद्दात कुणी घेतले नाही. लिलावाच्या यादीतील ५७७ खेळाडूंपैकी १८२ जणांनाच संघ मिळाला.

जितेश शर्माला ११ कोटी कसे मिळाले?

याच तर्काने, फक्त उलट दिशेने. जितेशला २०१६ मध्ये मुंबई इंडियन्सने १० लाखांत घेतले होते, पण एकही सामना मिळाला नाही. त्यानंतर काही वर्षे कोणताच संघ नाही. २०२२ मध्ये पंजाबने २० लाखांत घेतले तेव्हा तो २८ वर्षांचा होता. २०२३ मध्ये ३०९ धावा आणि आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताकडून पदार्पण. २०२४ चा हंगाम मात्र फिका, १४ सामन्यांत १८७ धावा. तरीही २०२४ च्या महालिलावात बंगळूरुने त्याच्यासाठी सात कोटींपर्यंत बोली नेली. पंजाबने ‘राइट टू मॅच’ वापरून त्याला परत मागितले, तेव्हा नियमानुसार बंगळूरुला अखेरची बोली वाढवण्याची संधी होती आणि त्यांनी थेट ११ कोटी सांगितले. पंजाबने माघार घेतली. दिनेश कार्तिक निवृत्त झाल्याने बंगळूरुला डावाच्या शेवटी फटकेबाजी करणारा भारतीय यष्टिरक्षक हवा होता आणि असे खेळाडू देशात बोटावर मोजण्याइतके आहेत. धावा कमी झाल्या, भाव ५५ पट वाढला.

विदर्भाच्याच शुभम दुबेचे उदाहरण याहून बोलके. डिसेंबर २०२३ मध्ये राजस्थानने त्यालाही नेमके ५ कोटी ८० लाख दिले, म्हणजे उमेशइतकेच. नोव्हेंबर २०२४ मध्ये तोच खेळाडू त्याच संघाला ८० लाखांत मिळाला. मधल्या काळात त्याला मोजकेच सामने खेळायला मिळाले होते. लिलावाच्या रात्री समाजमाध्यमांवर दहावीच्या निकालासारख्या याद्या फिरतात, त्यात हा तपशील कुणी जोडत नाही.

लिलावाबाहेर खेळाडूला किती मिळते?

संपूर्ण हंगामासाठी उपलब्ध असलेल्या खेळाडूला एकही सामना न खेळता बोलीची रक्कम मिळते, २०२५ च्या हंगामापासून प्रत्येक सामन्यामागे साडेसात लाखांचे मानधन वेगळे. त्यामुळे ३० लाखांचा खेळाडू साखळीतील सर्व १४ सामने खेळला, तर त्याचे मानधनच एक कोटी पाच लाख होते. पण करार संपला की सारे थांबते.

रणजीचा हिशेब निराळा. ४० पेक्षा अधिक सामने खेळलेल्याला दिवसाला ६० हजार, २१ ते ४० सामन्यांसाठी ५० हजार आणि त्याखाली ४० हजार रुपये मिळतात. नवख्या खेळाडूने साखळीतील सातही चार दिवसीय सामने खेळले, तर हंगामाचे ११ लाख २० हजार. अंतिम अकरात नसलेल्याला निम्मे. ही रक्कम लिलावातल्या आकड्यांपुढे किरकोळ दिसते, पण उमेशच्या प्रत्येक पडत्या काळात आधार याच क्रिकेटचा होता. जानेवारी २०१९ मध्ये वायनाडच्या उपांत्य सामन्यात त्याने केरळविरुद्ध १२ बळी घेतले आणि सामना दोन दिवसांत संपवला. विदर्भाने त्या वर्षी रणजी करंडक राखला. तो इंग्लंडमध्ये मिडलसेक्स आणि इसेक्स या कौंटी संघांकडूनही खेळला. शिवाय २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या नागपूर कार्यालयात त्याला क्रीडा कोट्यातून सहायक व्यवस्थापकपद मिळाले होते. भरतीत नाकारला गेलेला मुलगा अखेर खेळामुळेच सरकारी क्षेत्रातील नोकरीत गेला.

भंडाऱ्यातील खेळाडूंनी यातून काय पाहावे?

भंडारा जिल्हा विदर्भ क्रिकेट संघटनेच्या कार्यक्षेत्रात येतो. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या मॅंगनीज खाणींच्या वसाहती वलनीहून फार वेगळ्या नाहीत. अडचण अंतराची आहे. चांगली खेळपट्टी, चामड्याचा चेंडू आणि निवडकर्त्यांची नजर नागपुरात. आठवड्यातून तीनदा जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर करायचे, तर मुलाचा दिवस जातो आणि घरातल्या एखाद्याची मजुरीही. उमेशचे वलनी नागपूरला अधिक जवळ होते, हा फरक त्याच्या यशोगाथेत सहसा सांगितला जात नाही.

दुसरी बाब भरतीची. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक, त्यापुढे १०० गुणांची लेखी परीक्षा. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण ते मिळते अधिकृत स्पर्धांतील पात्र कामगिरीच्या पडताळलेल्या प्रमाणपत्रावर. गावोगावच्या टेनिस चेंडूच्या स्पर्धांत रोख बक्षिसे चांगली असतात, तिथला सामनावीराचा चषक मात्र या कामाचा नाही. वयाची विशी उलटण्याआधी संघटनेच्या स्पर्धांत नाव नोंदले जाणे, हे कोटींच्या बोलीपेक्षा कितीतरी आधीचे आणि अनेकांसाठी अधिक उपयोगाचे दार आहे.

उमेशची आयपीएल कारकीर्द संपली का?

तसे म्हणता येणार नाही. लिलावासाठी नोंदणी केलेला आणि न विकला गेलेला खेळाडू हंगामात कुणी जखमी झाल्यास बदली म्हणून घेता येतो. वेगवान गोलंदाज एप्रिल-मेमध्ये जायबंदी होतातच, आणि अनुभवी भारतीय गोलंदाजाची आठवण संघांना तेव्हाच होते. त्याआधी २३ जानेवारी २०२५ पासून रणजीचा दुसरा टप्पा सुरू झाला.